ट्रेलरने धडक दिली? दोन्ही नंबर टिपा

फोटो काढताना पुढचा ‘घोडा’ (म्हणजे ट्रेलर ओढणारं इंजिनवालं वाहन) आणि मागचा ट्रेलर, दोन्हींच्या नंबरप्लेट नीट दिसतील असे काढा. दोन्हींची नोंदणी आणि विमा वेगळा असू शकतो. नुसता मागचा नंबर टिपला, तर भरपाई नेमकी कोणत्या विमा कंपनीकडे मागायची, इथूनच घोळ सुरू होतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत कळते.

जखमीला आधी दवाखान्यात न्या, हे सांगायला नकोच. तिथे पोलिसांसाठीची ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) नोंद झाली का, तेवढं मात्र आवर्जून विचारा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या मूळ पावत्या, अगदी ड्रेसिंगला जाण्या-येण्याच्या भाड्याच्या चिठ्ठ्याही एकाच पिशवीत ठेवा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सुधारित कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे, म्हणून प्लास्टर निघायची वाट बघू नका. आणि कोणी ‘पूर्ण व अंतिम’ भरपाई मिळाली असं लिहिलेला कागद पुढे केला, तर हाड जुळेपर्यंत कृपा करून सही करू नका. पुढच्या ऑपरेशनचा खर्च मग आपल्याच अंगावर पडतो.