डेंग्यूनंतरची केसगळती

सप्टेंबरात डेंग्यू झाला, बरीही झाले. डिसेंबरात मात्र फणीत केसांचे पुंजके यायला लागले. इंदिरानगरला आमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणून सगळा दोष त्यालाच दिला. शाम्पू बदलले, कांद्याचा रस लावला. फरक शून्य. न्हाताना रडू यायचं.

शेवटी कॉलेज रोडवर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का?" मग उलगडा झाला. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, पुढे साधारण ३ महिने विश्रांती घेऊन तो गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. मोठ्या तापात मात्र खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि गळती दिसते ती नंतर. म्हणूनच तापाशी तिचा संबंध लक्षात येत नाही! मूळ शाबूत असतं, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गोळीच्या आगेमागे चहा बंद, उसळीवर लिंबू. तपासल्याशिवाय या गोळ्या घेऊ नका, कळकळीने सांगते. एप्रिलपर्यंत गळती आटोक्यात आली. आता कपाळापाशी बोटभर नवे केस आलेत, तेल लावूनही बसत नाहीत.