पंचांची पहिली बैठक घेताय? आधी एवढं करून ठेवा
तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कबड्डी पंच मंडळाची जबाबदारी यंदा पहिल्यांदाच तुमच्याकडे आली असेल, तर सुरुवात तारखेपासून करा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा लागोपाठ सुरू होतात. मग पंच एकत्र सापडत नाहीत. म्हणून नवरात्र उरकलं की दिवाळीआधीचा एखादा रविवार धरा. १५ जुलैला, कबड्डीचे ज्येष्ठ संघटक बुवा साळवींच्या जन्मदिनी, कबड्डी दिनाला सगळे जमतातच, तेव्हाच बैठक घेऊन टाकू असं कुणीतरी सुचवेल. ते मान्य करू नका. तो दिवस सत्काराचा आणि आठवणींचा असतो, नियमांवर वाद घालायला मोकळा दिवस हवा. एसटीने येणाऱ्यांचा विचार करून सकाळी दहाची वेळ ठेवा आणि दोनला थांबा.

जागा अशी बघा की खुर्च्या बाजूला सारून जमिनीवर अर्धं मैदान आखता येईल. शाळेचं सभागृह किंवा पटांगण चालेल. मोजपट्टी, सुतळी आणि खडू आदल्या दिवशीच पिशवीत टाका. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, निदान रेषा (चढाईपटूला निदान एकदा तरी ओलांडावी लागते ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर. महिलांचं १२ बाय ८, निदान रेषा ३ मीटरवर. दोन्हीकडे बोनस रेषा (जिच्यापलीकडे पाऊल टाकल्यावर जादा गुण मिळतो ती) त्यापुढे एक मीटर. ही आखणी नव्या पंचांच्या हातून करून घ्या. गावात चुना मारणारा माणूस एकच मैदान महिला आणि पुरुष दोघांना वापरून मोकळा होतो, आणि सामन्याआधी ते पकडणारा पंचच असतो.

बैठकीचा निम्म्याहून जास्त वेळ नियमांच्या अर्थासाठी राखून ठेवा. नियमपुस्तिका सगळ्यांकडे असते, पण एकाच प्रसंगाला तीन पंच तीन निर्णय देतात, आणि त्याच स्पर्धेत शेजारच्या मैदानावर वेगळा निकाल लागला की खेळाडूचा आपल्यावरचा विश्वास उडतो. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा ७ ऑक्टोबर २०२३ चा अंतिम सामना आठवा. भारत-इराण २८-२८, शेवटची दोनेक मिनिटं, भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला आणि त्याच्या मागे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने मागे गेलेले बचावपटूही बाद, नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. कोणता नियम लागू, यावर तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. आशियाई अंतिम सामन्यात हे घडतं, तर आपल्या मातीच्या मैदानावर भांडण कुठवर जाईल? म्हणून राज्य संघटनेचं ताजं परिपत्रक आधीच मागवा, त्याच्या प्रती काढा आणि या हंगामात लॉबीला आपण कोणता नियम लावणार ते बैठकीतच नक्की करा.

असे आठ-दहा प्रसंग कागदावर लिहून न्या. बोनस रेषेपलीकडे पाऊल पडलं, पण दुसरा पाय हवेत होता की जमिनीला टेकलेला होता? स्पर्श आधी झाला की बोनस? मैदानात बचावपटू सहा होते की पाच? दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, जिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद होतो, ती मोजायची कुणी, आणि सांगायची कुणी? दोन तरुण पंचांना चढाईपटू आणि बचावपटू करून आखलेल्या रेषांवर प्रत्येक प्रसंग करून दाखवा. निर्णय मात्र आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा, चर्चा नंतर. ही अट मोडू देऊ नका. ज्येष्ठ पंच आधी बोलले की नवी पोरं माना डोलावतात आणि त्यांची शंका तशीच मैदानावर जाते. ज्येष्ठांना हे आदल्या दिवशी फोन करून समजावून सांगा. मान राखून विचारलं की ते मनापासून साथ देतात.

गुणलेखकांना बोलवायला विसरू नका, आणि त्यांना मागच्या रांगेत बसवू नका. बोनसच्या गुणावर बाद खेळाडू परत येत नाही, लोणाचे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे, दोन गुण वेगळे धरायचे, या साध्या गोष्टी घाईत चुकतात. कोऱ्या गुणपत्रिका द्या, मोबाइलवर सामन्याची पाच मिनिटं लावा आणि सगळ्यांना गुण लिहायला सांगा. शेवटी सगळ्यांचे आकडे जुळवून बघा. बरोबरी झाल्यावरच्या पाच-पाच चढायांचाही एक सराव घ्या, कारण तो प्रसंग वर्षातून मोजक्या वेळा येतो आणि तेव्हाच सगळं गाव मैदानाभोवती उभं असतं.

नेमणुकांचा तक्ता कच्चा का होईना, तयार करून न्या. स्वतःच्या गावाचा किंवा ज्या संघात भाऊ-भाचा खेळतो त्या संघाचा सामना कुणालाही देऊ नका, आणि हे सगळ्यांसमोर सांगा. नव्या पंचासोबत अनुभवी सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, असू द्या. महिला पंचांसाठी कपडे बदलायची खोली आणि रात्रीच्या सामन्यानंतर घरी पोचवायची सोय ही आयोजकांना घालायची लेखी अट आहे, विनंती नव्हे. मानधन आणि प्रवासखर्च दहा मिनिटांत संपवा. आकडा कार्यकारिणीत आधीच ठरवून या, नाहीतर सगळी सकाळ त्यातच जाईल.

सामन्याआधीच्या तपासणीचं एकदा प्रात्यक्षिक दाखवा. नखं कापलेली आहेत का, अंगठी-कडं काढलंय का, अंगाला तेल लावलंय का, मॅटवर पायात बूट आहेत का. रुग्णवाहिका कुठे उभी आहे आणि गर्दी आत घुसली तर पंचांनी कुठून बाहेर पडायचं, हे नाणेफेकीआधी आयोजकांना विचारायचं.

इतिवृत्त लिहायला एकजण आधीच नेमा. ठरलेले निर्णय त्याच संध्याकाळी एका पानावर टाइप करून पंचांच्या ग्रुपवर टाका, न आलेल्यांना फोन करा, आणि तेच पान संघांच्या प्रशिक्षकांनाही पाठवा. लॉबीचा नियम त्यांना पहिल्या सामन्याआधी कळलेला असला पाहिजे.