गमतीदार पिन-अप चित्र कसं काढावं

१९४० आणि ५०च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांच्या भिंतीवर हसऱ्या, थोड्या गोंधळलेल्या तरुणीचं कॅलेंडर हमखास दिसे. भिंतीवर टाचून लावायच्या अशा चित्रांना पिन-अप म्हणतात. मिनेसोटामधल्या सेंट पॉलची ‘ब्राउन अँड बिगेलो’ ही अशी कॅलेंडरं छापणारी मोठी कंपनी. तिच्यासाठी काम करणारे गिल एल्वग्रेन आणि ड्वेन ब्रायर्स या दोघांची चित्रं शेजारी ठेवून पाहा, शैलीची दोन टोकं कळतील. एल्वग्रेन मॉडेलला स्टुडिओत उभं करून फोटो काढायचे आणि तैलरंगात रंगवताना पाय लांब, कंबर बारीक करायचे. ब्रायर्सच्या चित्रांतली नायिका हिल्डा मात्र लाल केसांची, चांगली गुबगुबीत आणि आपल्यातच रमलेली. मला हिल्डा जास्त आवडते, कारण तिच्याकडे पाहताना आधी तिचा स्वभाव दिसतो.

आधी फजिती ठरवा

पेन्सिल उचलण्याआधी प्रसंग एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘बागेला पाणी घालताना नळी हातातून निसटली.’ या वाक्यात गंमत नसेल तर नुसत्या सुंदर रेषांनी ती येणार नाही. फजिती वस्तूमुळे, वाऱ्यामुळे, कुत्र्यामुळे व्हावी; कुणा माणसाने केलेली नको, तिथे चित्राला लगेच त्रासाचा वास येतो. आपल्याकडे ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकी-चित्रं आठवा. आधी भलतीच शंका येते आणि खिडकी उघडली की साधीच गोष्ट निघते. चावटपणा बघणाऱ्याच्या मनात ठेवायचा, कागदावर थोडाच.

पवित्रा

काडेपेटीएवढ्या चौकटींत आठ-दहा कच्ची चित्रं काढा आणि आकृती पूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून प्रसंग कळला पाहिजे. भार एका पायावर द्या. खांदे एकीकडे कलले तर कंबर दुसरीकडे. पाठीच्या कण्याला ठळक बाक हवा.

मग मोबाइलला टायमर लावून स्वतःचाच त्या पवित्र्यातला फोटो काढा, पण त्याची नक्कल करू नका. माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. एल्वग्रेनच्या वळणाने जायचं तर आठ-साडेआठ डोकी घ्या आणि वाढलेली उंची सगळी पायांना द्या. हिल्डाच्या वळणाने जायचं तर डोकं मोठं, पावलं लहान आणि मधलं सगळं गोल. दोन्हींची सरमिसळ केली की आकृती बेंगरूळ दिसते.

चेहरा आणि हात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भुवया वर, तोंड ‘ओ’ म्हणताना होतं तसं गोल, गाल फुगलेले. चेहरा प्रौढ बाईचाच असावा, बाहुलीचा नको. ती नळीकडे पाहत असेल तर आपण लांबून बघणारे. आपल्याकडे पाहत असेल तर गंमत आपल्यासोबत वाटून घेणारी. नवशिक्याने दुसरा मार्ग धरावा. आश्चर्य, थोडी लाज, हसू एवढंच चालेल. भीती किंवा वेदना उमटली की चित्र फसलं. बोटं फाकलेली, करंगळी वेगळी उचललेली ठेवा. हात ताठ राहिले तर चेहऱ्याची मेहनत वाया जाते.

कपड्याच्या चुण्या ताण पडतो त्या बिंदूपासून पसरतात, एवढं पाळलं तरी पुरे. मागची जागा पांढरी सोडा. नळी, फुलाची एक कुंडी आणि पायाखालची सावली यांच्यावर भागतं.

या टप्प्यावर कच्चं चित्र दोन-तीन मैत्रिणींना दाखवा. त्या चित्रातल्या बाईसोबत हसल्या तर पुढे जा. त्यांना अवघडल्यासारखं वाटलं तर पुन्हा चेहऱ्यापासून सुरुवात करा.

रंग

पोस्टर कलर चालतात. उजेडातली त्वचा उबदार, सावलीत किंचित निळसर. गाल, कोपर, गुडघे आणि बोटांची टोकं यांना हलकी लाली द्या. त्यानेच आकृती जिवंत होते. त्वचेच्या कडा ओल्या ब्रशने मऊ करा, कपड्यांच्या आणि नळीच्या कडा मात्र धारदार ठेवा. पाण्याचे थेंब अगदी शेवटी, जाड पांढऱ्या रंगाने.