जुन्या गाडीचा येणारा-जाणारा इलेक्ट्रिक बिघाड: या चुका टाळा

सकाळी मारुती ८०० एका झटक्यात सुरू होते. दुपारी बाजारातून निघताना चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज. पाच मिनिटांनी पुन्हा फिरवली तर काही झालंच नव्हतं अशी सुरू. गॅरेजात नेली की दोष गायब. मग आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), नंतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), आणि तरीही एखाद्या दुपारी तो ‘टक्’ पुन्हा ऐकू येतोच.

जळालेला बल्ब किंवा उडालेला फ्यूज आपोआप बरा होत नाही. दोष येतो आणि जातो, तेव्हा तो बहुतेक वेळा भागात नसून जोडात असतो: टर्मिनल, कपलर (तारांची प्लॅस्टिकची जोडणी), अर्थचा म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची केबल धातूला जोडणारा बोल्ट, फ्यूजची पकड, रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आतला सोल्डरचा टाका. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा दहा पावसाळ्यांहून जास्त पावसाळे पाहिलेली आहे. खाली उदाहरणं मुख्यतः तिचीच दिली आहेत, पण पद्धत त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते.

चूक: दोष हजर नसताना शोधायला बसणं

सगळं चालू असताना वायरिंग उघडलं तर हाती काही लागत नाही. उलट पाच-सहा कपलर काढून-लावून होतात, त्यातला दोषी कपलर हलल्यामुळे तात्पुरता नीट बसतो आणि पुढचे पंधरा दिवस गाडी सुधारली असं वाटतं. म्हणून हात लावायच्या आधी आठवडाभर लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, खड्डा किंवा स्पीडब्रेकर गेला का, हेडलाइट-वायपर चालू होते का, आणि नेमकं त्या क्षणी आणखी काय-काय बंद पडलं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. फक्त हॉर्न गेला तर शोध हॉर्नच्या तारेपुरता. हॉर्न, वायपर आणि इंडिकेटर एकदम गेले तर त्या तिघांना सामाईक काय आहे ते बघायचं, म्हणजे फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थ. डॅशबोर्डच्या मीटरवरच्या दिव्यांसह सगळंच क्षणभर विझलं, तर बॅटरीचे क्लॅम्प (खुंटांवरच्या केबलच्या पकडी), मुख्य फ्यूज आणि इग्निशन स्विच सोडून दुसरीकडे बघू नका.

दोष कधी येतो ते कळलं की तो मुद्दाम आणता येतो. खड्ड्यात येत असेल तर इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हलवा, वायरिंगचा गठ्ठा हलका ओढा, फ्यूजबॉक्सवर बोटांनी टकटक करा. इंजिन गरम झाल्यावर येत असेल तर संशयित रिलेला किंवा कॉइलला हेअर ड्रायरने ऊब द्या. पावसात येत असेल तर झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने एकाच जागी हलकं पाणी मारा आणि पुढच्या जागेकडे जायच्या आधी दोन मिनिटं थांबा. एका वेळी एकच गोष्ट करा. इंजिनवर प्रेशरने पाणी मात्र मारू नका, एका दोषाचे चार होतात.

चूक: मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून तार चांगली समजणं

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो. समजा तारेतल्या वीस-पंचवीस तांब्याच्या काड्यांपैकी एकच शिल्लक आहे. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे त्या एका काडीवरूनही तो १२.६ दाखवतो. हेडलाइट लावला की तीच काडी तापते आणि पलीकडे व्होल्टेज कमी पोहोचतं. ओहम मोजूनही उपयोग नाही. सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो. जोडात ०.०१ ओहम अडथळा असला तरी तिथे एक व्होल्ट खाल्ला जातो, आणि साधा मीटर ०.०१ ओहम वाचूच शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन लांब तारा आणि चिमटे लावा. हा तुमचा टेस्ट लॅम्प. तो जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर जोडावर मंद पेटतो आणि तार हलवली की लुकलुकतो. इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या म्हणजे ईसीएमच्या तारांना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना मात्र तो कधीही लावू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे जोडात किती व्होल्ट खाल्ले जातात ते मोजणं, आणि ते लोड म्हणजे करंट ओढणारी वस्तू चालू असतानाच. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच, कारण दोष बहुधा त्या दोघांच्या मधेच असतो. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलचा कपलर काढा, एमपीएफआयमध्ये (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत) फ्युएल पंपाचा रिले. कुणालातरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा.

०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. ०.५ च्या वर गेला तर अर्थ नक्की कमजोर. मग पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत तसंच मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांमध्येही बघा: सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर दोष बॅटरीतच असू शकतो. पण आधी ती पूर्ण चार्ज आहे याची खात्री करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

चूक: अर्थकडे दुर्लक्ष

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-गिअरबॉक्सला आणि बॉडीला जाणाऱ्या जाड केबली दिसायला साध्या, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत बोल्टखाली गंज धरतो, थिंबलच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या टोपीच्या) तोंडाशी तांबं हिरवं पडतं. वरून बोल्ट घट्ट असतो, खाली संपर्क नावापुरता. इंजिनची अर्थ गेली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट अॅक्सिलरेटर किंवा क्लचची केबल असू शकते. सेल्फ मारल्यावर या केबली कोमट लागल्या, किंवा अॅक्सिलरेटर केबल वारंवार जाम होत असेल, तर आधी अर्थ तपासा.

बोल्ट पूर्ण काढा, थिंबलच्या दोन्ही बाजू आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आवळल्यानंतर लावायची, आधी नाही.

मागच्या दिव्यांचे चमत्कारही अर्थमुळेच होतात. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद पेटतो किंवा इंडिकेटर जोडीला लुकलुकतो. करंटला त्या दिव्याची अर्थ मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परत जातो. बल्ब बदलून हे जाणार नाही. होल्डरच्या अर्थच्या टोकापासून बॉडीला तात्पुरती वेगळी तार लावा. दोष थांबला तर निदान पक्कं.

चूक: ‘टक्’ आवाज आला की सेल्फ उतरवणं

सेल्फवर सोलेनॉइड म्हणजे त्याला मोठा करंट जोडून देणारा चुंबकी स्विच असतो. त्याच्या छोट्या तारेला इग्निशन स्विचमधून करंट येतो. वर्षानुवर्षांच्या वापराने स्विचमधले कॉन्टॅक्ट झिजतात. इंजिन गरम झालं की सोलेनॉइडच्या कॉइलचा अडथळाही वाढतो. सकाळी कसंबसं जमणारं काम दुपारी जमत नाही, ते यामुळे. ‘टक्’ येतो त्याच वेळी छोट्या तारेच्या टोकाला व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या खुंटांपेक्षा दीड-दोन व्होल्टने कमी असेल तर सेल्फ बहुधा निर्दोष आहे. स्विचचा मागचा कॉन्टॅक्टचा भाग बदला, किंवा ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले बसवा: ३० नंबरच्या पिनेला बॅटरीहून फ्यूज लावलेली तार, ८७ वरून सोलेनॉइडला, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी तार, ८५ ला अर्थ.

चावीच्या जुडग्यात घराच्या, दुकानाच्या आणि कपाटाच्या चाव्या लटकवू नका. ते वजन प्रत्येक खड्ड्यात स्विच हलवतं.

चूक: फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं

लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लालच्या जागी हिरवा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली की फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तार जळते. अधूनमधून उडणारा फ्यूज म्हणजे बहुधा कुठेतरी घासलेली तार बॉडीला टेकते आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये तोच २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा आणि त्या सर्किटवरचे सगळे स्विच बंद ठेवा. आता गठ्ठा हलवत चला. जिथे दिवा भक्कन पेटेल तिथे तार टेकते आहे.

फ्यूज न उडताही त्याची खाच दोषी असते. फ्यूज काढून दोन्ही पाती बघा. एक पात तपकिरी-निळसर आणि प्लॅस्टिक त्या बाजूला किंचित वितळलेलं दिसलं, तर आतली पितळी पकड सैल होऊन तापते आहे. नवा फ्यूज घालून फरक पडत नाही, पकडच बदलावी लागते. हेडलाइटमध्ये ६०/५५ ऐवजी १००/९० चे बल्ब घातलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. सोबत स्टिअरिंगजवळचा दिव्यांचा कॉम्बिनेशन स्विचही जळतो.

चूक: इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघणं

‘तार काढली तरी गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर चांगला’ ही परीक्षा कृपया करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, स्टीरिओ, ईसीएम यांपैकी काहीही जाऊ शकतं. त्याऐवजी चालू इंजिनवर बॅटरीच्या खुंटांवर मोजा: १३.८ ते १४.५ हवेत, आणि हेडलाइट-ब्लोअर लावून इंजिनचा वेग थोडा वाढवला तरी १३.५ च्या वर राहायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर लावा. ०.५ व्होल्टच्या वर दिसलं तर डायोडची शंका घ्या. चार्जिंगचा दिवा हलकासा पेटत-विझत असेल तर आधी बेल्टचा ताण बघा, नंतर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश.

चूक: पिळा आणि टेप

तार सोलून, पिळून, टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटून उघडा पडतो. स्टीरिओ, सेंट्रल लॉक आणि सीएनजी किट बसवताना असे जोड डॅशबोर्डखाली सगळ्यात जास्त होतात. किटचा पेट्रोल-गॅस स्विच बहुधा इग्निशनच्याच तारेला जोडलेला असतो, त्यामुळे तो जोड सैल झाला की चालती गाडी बंद पडते आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. योग्य मापाची थिंबल पक्कडीने दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आक्रसून घट्ट बसणारी नळी) घाला. टाका मारलात तर तार दोन्ही बाजूंनी बांधून घ्या, कारण टाक्याशेजारी कडक झालेली तार हादऱ्याने तुटते.

दरवाजा आणि डिकीच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप उघडून बघणं बहुतेक जण विसरतात. आत तारा वरून धडधाकट दिसतात. एकेक तार दोन चिमटीत धरून हलकी ताणा. वरचं आवरण रबरासारखं लांबलं तर आतलं तांबं तुटलेलं आहे.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर

मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह खुंट आणि काढलेली केबल यांच्यामध्ये जोडा. दरवाजे बंद, चावी काढलेली. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर जात असेल तर ३५ एएचची (अँपिअर-तासांची) भरलेली बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज काढत जा, आकडा ज्याने पडेल ते सर्किट. सगळे काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून बघा, पण ती सोडवताना बॅटरी पूर्ण सुटी असू द्या. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज लगेच जातो.

हे सगळं करूनही गाडी दर पावसाळ्यात नव्या जागी बिघडत असेल, तर बोनेट उघडून बॅटरीच्या ट्रेखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात बघा. उंदराच्या लेंड्या किंवा कापसाचे तुकडे दिसले तर कुरतडलेली तार बहुधा तिथेच जवळपास सापडते.