बाहुलीघराचा आकाशकंदील: एक इंचाचा, पण खऱ्या काड्यांचा

बाहुलीघराचं रूढ माप एकास बारा, म्हणजे फुटाला इंच. विंडसर किल्ल्यात राणी मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ साली पूर्ण झालेलं, तेही याच मापाचं. तेव्हा दारात फूटभर उंचीचा कंदील लागतो तो इथे इंचभराचा. लोक सांगतात, जाड कागदावर आकृती छापा, घडी घाला, चिकटवा. त्याचा खोका होतो, कंदील होत नाही. काड्यांच्या सांगाड्यातून उजेड झिरपतो तो कंदील.

काड्या नव्या खराट्याच्या हिरांच्या घ्या, टोकाकडच्या, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या. १८ मिलिमीटरच्या २४ कापा. १८ अशासाठी, की या मापाच्या चौकोनाचा कर्ण साडेपंचवीस मिलिमीटर येतो आणि कंदिलाची उंचीही तेवढीच भरते, म्हणजे एक इंच. चार-चार काड्यांचे सहा चौकोन फेव्हिकॉलने जोडून रात्रभर वाळवा.

हे सहा चौकोन हवेत धरून जोडायला जाऊ नका, दोन हात पुरत नाहीत. पुठ्ठ्याची बिनझाकणाची डबी करा, आतून लांबी, रुंदी, उंची साडेपंचवीस मिलिमीटर, आणि आत प्लास्टिकची पिशवी कापून लावा. एक चौकोन तळाला तिरका ठेवा, त्याची टोकं भिंतींच्या मधोमध आली पाहिजेत. चार चौकोन चार भिंतींना टोकावर उभे टेका. टोकाला टोक भिडलं की तिथे गोंदाचा थेंब. सहावा वरून. वाळल्यावर डबी फाडून काढा. चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतील.

आता कागद. माझे पहिले तीन कंदील इथेच वाया गेले. पतंगाच्या कागदाला मी फेव्हिकॉल फासला आणि काड्यांवर ताणून बसवला. ओल्या गोंदाने कागद फुगला, लाल रंग सुटून शेजारच्या पिवळ्यावर उतरला. रात्री वाळताना तोच कागद आक्रसला आणि सांगाडा ओढत गेला. सकाळी भाची हातात घेऊन म्हणाली, "आत्या, याला चिमटा कुणी काढला गं?" चौकोनाची एक बाजू खरंच आत गेली होती.

म्हणून कागदाला गोंद कधीच लावायचा नाही, काडीला लावायचा. टूथपिकच्या टोकाने, केसाएवढी रेघ. मिनिटभर थांबा. गोंदाचा दुधी रंग कडेने उतरू लागला आणि बोटाला चिकट लागला, की मगच कागद टेकवा. कागद सगळीकडून तीन मिलिमीटर मोठा हवा. "ताणून लावा, मग सुरकुत्या पडत नाहीत" हा सल्ला दीड फुटाच्या, बांबूच्या कामट्यांच्या कंदिलाला ठीक आहे. मिलिमीटरभर हिराला तो ताण सोसत नाही. नुसता ठेवा, बोटाने कडेकडेने दाबा, सोडून द्या.

समोरचा चौकोन झाला की लगेच त्याच्या पाठीमागचा करा, शेजारचा नाही. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की सांगाडा सरळ राहतो. दोन जोड्यांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. आमच्या बेळगावात दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस असला तर तासभर. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून. चौकोन झाले की त्रिकोण, तेही समोरासमोर. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा.

जादा कागद कात्रीने कापू नका. कात्री काडीपर्यंत पोचत नाही आणि कडेला झालर राहते. नखं घासायची कानस बाहेरून आत काडीवर एकदा फिरवा, कागद सुरीने कापल्यासारखा तुटतो.

सांध्यांवर जरीचा एकेक धागा चिकटवा. बेळगावच्याच वडगाव-शहापुरात मागावर विणलेल्या जुन्या साडीचा काठ उसवला की वर्षभर पुरेल एवढी जर निघते. खाली दीड मिलिमीटर रुंदीच्या झिरमिळ्या.

उजेडाला तीन मिलिमीटरचा पिवळसर पांढरा एलईडी आणि सीआर २०३२ सेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला. घरात लहान मूल असेल तर सेल स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ठेवा. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसा संशय जरी आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा. खरी ज्योत मात्र बाहुलीघरात कुठेच नको.

बाकीचं सोपं आहे. पणत्या बेळगावजवळच्या खानापूरच्या तांबड्या मातीच्या: ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, ब्रशच्या मागच्या टोकाने खळगा, सावलीत वाळवण. झेंडूच्या तोरणाला केशरी लोकरीच्या गाठी, मधे हिरव्या कागदाची एक सेंटिमीटर लांब पानं. रांगोळी काळ्या कार्डावर पांढऱ्या जेल पेनने.

अंगणाला जागा असेल तर किल्लाही करा की. दिवाळीला गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात आणि बाहुलीचं अंगण तेवढं रिकामं, हे मला बघवत नाही. थर्माकोलच्या तुकड्यावर गोंद, त्यावर चाळलेली माती, दोन इंच उंच पुरे.

कंदील दाराबाहेर टांगताना त्याचं खालचं टोक, झिरमिळ्यांसकट, जमिनीपासून सात इंचांवर ठेवा. बाहुली खालून मान न वाकवता जायला हवी.