टाकीतली हरळी: एप्टेशिया कसा आवरायचा

आमच्या रानात हरळी होती. वडील म्हणायचे, कुळवानं तोडलेली हरळी मरत नाही, उलट रानभर पसरते. हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी माझ्या माशांच्या टाकीत पहिला एप्टेशिया, म्हणजे हरळीसारखाच पसरणारा एक समुद्री जीव, दिसला तेव्हा मी शहाण्यासारखा ब्लेड घेऊन तो खरवडला. महिन्याभरात एकाचे अकरा झाले.

लातूरला माझं मेडिकल आहे आणि घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं हा बाबा समुद्र पाळतो म्हणून गिऱ्हाइकं हसतात. हसू द्या. आरओचं वाया जाणारं पाणी मी फरशीला आणि झाडांना वापरतो.

तर एप्टेशिया. हे एक छोटं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, तपकिरी, काचेसारखं आरपार, लांब बारीक टोकदार बोटांचं. हात जवळ नेला की झटक्यात भोकात शिरतं. बोटांची टोकं फुगीर आणि रंग हिरवट असेल तर तो मजानो, त्याच्यासारखंच दुसरं समुद्रफूल. दोघंही शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावतात. तळाचा इवलासा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया उगवतो. मे महिन्यात लाइट जाते, पाणी तापतं, प्रवाळ मान टाकतात. हा मात्र जसाच्या तसा. म्हणून पहिला नियम: ओढायचा नाही, खरवडायचा नाही, चिरडायचा नाही.

मग करायचं काय? चुना लावायचा. अगदी शब्दशः. आईच्या पानाच्या डबीतला नाही, त्यात काय मिसळलेलं असतं कळत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर घ्या आणि आरओच्या पाण्यात पिठल्याइतकी घट्ट कालवा. हातमोजे आणि चष्मा घालाच. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. सिरिंज एक-दोन मिलीची पुरते, पण इन्सुलिनची सुई लगेच तुंबते. जाड सुई लावा, नाहीतर बिनसुईची वापरा.

सगळे पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्या. सिरिंज बाजूनं, हळू, सावली न पाडता न्यायची. तोंडाजवळ एक थेंब सोडा. बऱ्याचदा खाणं आलं समजून तो मिटत नाही. मग वरून पूर्ण लिंपा, भोकासकट. दहा-पंधरा मिनिटांनी सुटा चुना नळीनं ओढून घ्या आणि पंप चालू करा. हे शेवटचं मी एकदा विसरलो. तासाभरात मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते. आता पंपाच्या बटणावर चिठ्ठी असते. एका बैठकीत चार-पाचच्या वर नको, चुन्यानं पाण्याचा पीएच चढतो. आठवड्यानं उरलेले. लिंबाचा रस टोचूनही पाहिला, छोटे मेले, मोठे परत आले.

दगड सुटा निघत असेल आणि त्यावर ठेवण्यासारखं काही नसेल तर आमचं ऊन आहेच. गच्चीवर वाळू द्या, पण परत घालण्याआधी वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात कुजकं सगळं निघून जाईपर्यंत ठेवा. दगड उकळू मात्र नका. त्यावर झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन अंगात जाऊ शकतं, आणि ते जीवघेणं विष आहे.

खाणारे जीवही आहेत. पेपरमिंट कोळंबी रात्री छोटे एप्टेशिया वेचते, पण सगळ्याच खातात असं नाही. मला पहिल्या वेळी पेपरमिंट म्हणून उंट कोळंबी पाठवली गेली. पाठीवर कुबड, अंगावर पांढरे पट्टे आणि ठिपके. तिनं एप्टेशिया सोडून मऊ प्रवाळ कुरतडले. खऱ्या पेपरमिंटच्या अंगावर लांबीच्या दिशेनं बारीक लाल रेघा असतात. फोटो मागवूनच पैसे द्या. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, म्हणून तो संपला की तीही उपाशी मरते. मजानोला ती शिवत नाही. कॉपरबँड मासा माझ्या टाकीला मोठा, शिवाय खायला नखरेल.

खाणं कमी टाका. उरलेल्या खाण्यावरही ह्यांचं पोट भरतं. नवा प्रवाळ आणला की मी खालचा प्लग (तो ज्यावर चिकटवलेला असतो तो तुकडा) काढून टाकतो आणि सहा आठवडे वेगळ्या डब्यात ठेवतो. औषधाच्या पाण्यात बुडवून एप्टेशिया मरेल ह्या भरवशावर राहू नका.

माझ्याकडे अजून एक आहे. मागच्या काचेला, ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जातं त्या) फटीत. तिथं सिरिंज पोचत नाही. दर रविवारी बॅटरी मारून बघतो, त्याच्या शेजारी दुसरा उगवलाय का.