टीव्हीसाठी रेकॉर्डर घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

जालना, परभणी किंवा लातूरच्या एखाद्या दुकानात जाऊन ‘डीव्हीआर (चित्र साठवणारा रेकॉर्डर) दाखवा’ म्हटले, तर दुकानदार बहुधा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा डबा पुढे ठेवतो. त्या डब्यात कॅमेऱ्यांचे चित्र साठते, टीव्हीच्या वाहिन्यांचे नाही. म्हणून ‘रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. मात्र दुकानात जाण्याआधी घरीच करायची काही कामे आहेत, आणि माझ्या मते घ्यायचे की नाही हे तिथेच ठरते.

पहिले काम वहीचे. आठवडाभर टीव्हीशेजारी एक वही ठेवावी आणि घरातल्या कोणाचा कोणता कार्यक्रम चुकला, कशामुळे चुकला आणि तो नंतर दुसरीकडे पाहायला मिळाला का, एवढे तीन रकाने रोज रात्री भरावेत. आपल्याकडे डीटीएच कंपन्यांचे रेकॉर्डिंगचे बॉक्स 2008 च्या सुमारास आले, तेव्हा चुकलेला भाग पाहायचा तर पुनःप्रक्षेपणाची वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. आता झी5, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह यांवर बहुतेक मराठी मालिका मिळतात. शिक्षण मंत्रालयाच्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांची तर रचनाच अशी आहे की दिवसातला चार तासांचा नवा मजकूर त्याच दिवशी आणखी पाच वेळा दाखवला जातो, त्यामुळे केवळ मुलांच्या अभ्यासासाठी रेकॉर्डर घेण्याचे कारण उरत नाही.

वहीत जे उरेल, तेच खरे कारण. ज्या घरात मूल नीट किंवा जेईईची तयारी करत आहे आणि म्हणून संध्याकाळी टीव्ही बंद असतो, त्या घराला रेकॉर्डरचा मोठा आधार होतो, कारण टीव्ही बंद असतानाही बॉक्स आपले काम करत राहतो. शेतातल्या वस्तीवर मोबाईलची रेंज धड येत नसेल किंवा दीड जीबीचा रोजचा डेटा एका सामन्यातच संपत असेल, तिथेही रेकॉर्डर उपयोगी पडतो. त्याला इंटरनेट लागत नाही. आठवड्याच्या नोंदीत दुसरीकडे न मिळालेले कार्यक्रम दोनतीनसुद्धा भरत नसतील, तर मी खरेदीचा सल्ला देणार नाही.

दुसरे काम म्हणजे घरात चित्र कोठून येते ते पाहणे. अनेक टीव्ही संचांच्या मागे यूएसबीची जागा असते आणि मेनूत ‘पीव्हीआर’ म्हणजे रेकॉर्डिंगची सोय असे लिहिलेले असते. ते पाहून पेन ड्राइव्ह आणणाऱ्यांची निराशा होते, कारण टीव्ही केवळ स्वतःच्या ट्यूनरवर (वाहिनी पकडणाऱ्या भागावर) आलेली वाहिनीच साठवू शकतो. बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने आलेले चित्र तो साठवत नाही. डीडी फ्री डिशवाल्यांना मात्र स्वस्त मार्ग आहे. बाजारातल्या अनेक फ्री डिश बॉक्सना पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येते. डीटीएच किंवा केबल असेल, तर त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्यावा लागतो. त्यात एकच ट्यूनर असेल, तर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना सहसा दुसरी पाहता येत नाही. दोन ट्यूनर असतील, तर डिशच्या छत्रीपासून दुसरी वायर ओढावी लागेल का, हे आधीच विचारावे.

तिसरे काम विजेचे, आणि मराठवाड्यात सर्वांत जास्त विचार याचाच करावा. लाईट गेली की रेकॉर्डिंग तुटते. काही बॉक्स लाईट आल्यावर उरलेला भाग पुन्हा सुरू करतात, काही करत नाहीत. घरात इन्व्हर्टर असेल, तर बॉक्सचा प्लग त्याच्या पॉइंटवर घ्यावा. टीव्ही त्यावर घेण्याची गरज नाही, आणि छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज बॉक्सकडूनच मिळते. केबलचे मात्र वेगळे आहे. गल्लीतल्या खांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली, तर तुमच्या इन्व्हर्टरवर बॉक्स चालू असूनही त्यात काहीच येत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस लागला की छत्रीचा सिग्नल जातो आणि तेवढा भाग कोराच राहतो. शिवाय ठरलेल्या वेळी रेकॉर्डिंग व्हावे म्हणून बॉक्स रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. तो 15 वॅट ओढत असेल, तर महिन्याला साधारण 11 युनिट होतात. बॉक्सच्या मागच्या पट्टीवरचा आकडा पाहून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. एचडी वाहिनीचा एक तास साधारण 3 ते 4 जीबी घेतो, साध्या वाहिनीचा एक ते दीड जीबी. म्हणजे 500 जीबीच्या डिस्कवर एचडीचे सव्वाशे तास सहज मावतात, आणि 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर साध्या वाहिनीचे वीस तास.

आता ज्या गोष्टीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, ती. आमच्या गावच्या भजनी मंडळाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका वाहिनीवर लागला होता आणि मी तो आमच्या बॉक्समध्ये जपून ठेवला होता. पखवाजावर माझे चुलते होते. शेवटच्या गजराच्या वेळी त्यांनी डोळे मिटून मान हलवली, तेवढा भाग काकू पुन्हा पुन्हा लावायला सांगत. पुढे चुलते गेले. एका उन्हाळ्यात गल्लीची विजेची डीपी जळाली, तेव्हा दाब वाढून बॉक्सही गेला. कंपनीच्या माणसाने दुसऱ्या दिवशी नवा बॉक्स बसवला आणि जुना डिस्कसह नेला. डिस्क काढून ठेवता येईल का, असे मी विचारले, तेव्हा कळले की तिच्यातले रेकॉर्डिंग कुलूपबंद असते आणि ज्या बॉक्समध्ये झाले त्याच्याखेरीज कुठेच लागत नाही. काकूंना हे कसे सांगावे, ते मला दोन दिवस सुचले नाही.

म्हणून चौथे काम हे की पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत: बॉक्स बदलला तर रेकॉर्डिंगचे काय होते, रिचार्ज संपल्यावर जुने रेकॉर्डिंग दिसते का, आणि बॉक्स आपल्या मालकीचा की कंपनीचा. घरातल्या माणसाचे किंवा गावाचे काही टीव्हीवर लागणार असेल, तर रेकॉर्डरवर विसंबू नये; त्या वेळी टीव्हीसमोर मोबाईल स्थिर ठेवून त्याचे चित्रण करावे आणि ते दोन ठिकाणी साठवावे. चित्र थोडे फिके येईल, पण ते आपल्या हाती राहील.

एवढे करूनही घ्यायचे ठरले, तर बॉक्स बसवणारा माणूस घरी असतानाच शेवटची परीक्षा घ्यावी. दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग लावावे, पाचव्या मिनिटाला मेन स्विच पाडून दोन मिनिटांनी पुन्हा चालू करावा आणि आधीची पाच मिनिटे शाबूत आहेत का, पुढचा भाग आपोआप सुरू झाला का, हे पडद्यावर पाहावे. पहिला भागच पुसला गेला असेल, तर तो बॉक्स त्याच माणसाबरोबर परत पाठवावा.